लॅम्प-२ एलायझा किट म्हणजे काय? पिवळ्या रंगातून आकडा कसा निघतो?

आजचा विषय आपल्या नेहमीच्या फोन-ॲप्सपेक्षा थोडा वेगळा आहे. तिसगावला माझा मावसभाऊ डीएमएलटी करतोय. मध्यंतरी त्याने व्हॉट्सॲपवर एका विक्रेत्याच्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यावर 'ह्युमन लॅम्प-२ एलायझा किट, ९६ टेस्ट' असं लिहिलेलं होतं आणि खाली त्याचा प्रश्न होता: "दादा, हे मागवलं तर आपल्याकडंच टेस्ट करता येईल का?" त्याच्या ओळखीतल्या एका मुलाच्या हार्टच्या फाइलवर डॉक्टरांनी 'डॅनन?' असं प्रश्नचिन्ह घालून लिहिलं होतं. गुगल केल्यावर डॅनन आजार म्हणजे लॅम्प-२ प्रोटीनची गडबड असं कळलं आणि पुढच्या क्लिकला हे किट समोर आलं.

माझं थेट उत्तर होतं, त्या मुलासाठी हे किट मागवू नको. पण 'का नको' हे एका मेसेजमध्ये सांगता येईना. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण एलायझा प्लेटचे आकडे वाचून रिपोर्ट बनवणारं सॉफ्टवेअर मी काही काळ लिहिलंय, त्यामुळे ते आकडे कुठून येतात आणि कुठे फसतात हे जवळून पाहिलंय. म्हणून हा सविस्तर लेख.

आधी लायसोसोम आणि लॅम्प-२ समजून घेऊ

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत कचरा पचवणाऱ्या छोट्या पिशव्या असतात. त्यांना लायसोसोम म्हणतात. बेल्जियमचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन द डूव्ह यांनी १९५५ मध्ये त्या ओळखल्या आणि १९७४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. या पिशवीच्या आत ॲसिड आणि पचवणारी एन्झाइम्स असतात. पिशवीचं आवरण म्हणजे मेम्ब्रेन, आणि त्यात रोवलेली प्रोटीन्स म्हणजे लायसोसोमल मेम्ब्रेन प्रोटीन्स. लॅम्प-१ आणि लॅम्प-२ ही त्यातली सगळ्यात मुबलक जोडी. आवरणातल्या एकूण प्रोटीनपैकी साधारण निम्मा भाग या दोघांचाच असतो.

यांची एक खासियत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. या प्रोटीनच्या आतल्या बाजूला साखरेच्या साखळ्यांचं जाड जंगल असतं. नुसत्या प्रोटीनचं वजन ४० ते ४५ किलोडाल्टन, पण साखरेसकट ते ९० ते १२० च्या आसपास जातं. म्हणजे अर्ध्याहून जास्त वजन साखरेचंच. आतल्या एन्झाइम्सनी पिशवीच खाऊन टाकू नये म्हणून हे चिलखत.

लॅम्प-२ चे तीन प्रकार असतात: ए, बी आणि सी. तिघांचा मोठा भाग सारखाच, फक्त शेवटचा छोटा तुकडा वेगळा. हृदय आणि स्नायूंत बी प्रकार महत्त्वाचा. लॅम्प-२ चं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. ते बिघडलं की डॅनन आजार होतो: हृदयाचा स्नायू जाड होतो, हातापायांचे स्नायू कमजोर पडतात, काहींना शिकायला अडचण येते. मुलांमध्ये हे बहुतेक वेळा विशीच्या आत दिसतं. मुलींमध्ये उशिरा आणि सहसा सौम्य. आजाराचं वर्णन १९८१ मध्ये झालं आणि कारण लॅम्प-२ चं जनुक आहे हे २००० मध्ये कळलं.

एलायझा नक्की करतं काय?

एलायझा हा शब्द तुम्ही ऐकलाय, कदाचित तुमच्या स्वतःच्या रिपोर्टवर पाहिलाही असेल. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की आयजीएम एलायझा होते. सरकारी कार्यक्रमातली ती किट्स पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे एनआयव्ही, पुरवते. मे २०२० मध्ये याच संस्थेने कोविडची अँटिबॉडी शोधणारं 'कोविड कवच एलायझा' तयार केलं, मुंबईत दोन ठिकाणी ते तपासलं गेलं आणि उत्पादन झायडस कॅडिलाकडे दिलं. त्या वेळी सांगितलं होतं की अडीच तासांत एका फेरीत ९० नमुने तपासता येतात. प्लेटमध्ये घरं ९६ असतात, मग ९० च का, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता. उरलेल्या घरांत कंट्रोल जातात, म्हणजे ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे असे नमुने. ते नसतील तर बाकी ९० चा अर्थच लागत नाही.

तंत्र जुनं आहे. १९७१ मध्ये स्वीडनमध्ये एव्हा एंगवाल आणि पीटर पर्लमन यांनी, आणि त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये आंतोन स्कुअर्स आणि बाउके व्हान वेमेन यांनी स्वतंत्रपणे ते मांडलं. त्याआधी अशा मोजमापाला किरणोत्सारी पदार्थ लागायचे. एन्झाइम आणि रंग वापरल्यामुळे हे काम साध्या लॅबमध्ये आलं.

लॅम्प-२ किटमध्ये जी पद्धत असते तिला सँडविच म्हणतात. आपण वडापाव म्हणू. प्लेटमधल्या प्रत्येक घराला लॅबवाले 'वेल' म्हणतात. वेलच्या तळाला एक अँटिबॉडी आधीच चिकटवलेली असते, हा खालचा पाव. तुम्ही नमुना ओतता. त्यातलं लॅम्प-२ तळाच्या अँटिबॉडीला अडकतं, हा वडा. बाकी सगळं धुऊन टाकायचं. मग दुसरी अँटिबॉडी घालायची, ती लॅम्प-२ च्या वेगळ्या जागी बसते, हा वरचा पाव. या वरच्या पावाला एचआरपी नावाचं एन्झाइम जोडलेलं असतं, जे मोहरीच्या कुळातल्या हॉर्सरॅडिश या मुळापासून काढतात. पुन्हा धुवायचं. शेवटी टीएमबी नावाचं द्रावण घातलं की एचआरपी त्याला निळं करतं. सल्फ्युरिक ॲसिड घालून प्रक्रिया थांबवली की निळ्याचं पिवळं होतं. जितका पिवळा गडद, तितकं लॅम्प-२ जास्त.

वाचायला सोपं आहे, करायला तितकं नाही. प्रत्येक वेलमध्ये साधारण १०० मायक्रोलिटर द्रव जातो, म्हणजे जेमतेम दोन थेंब. धुणं कमी पडलं तर न चिकटलेलं एचआरपी मागे राहतं आणि आख्खी प्लेट पिवळी होते. वॉश बफरमध्ये चुकून सोडियम अझाइड असलं तर उलट, एचआरपी बंद पडतं आणि काहीच रंग येत नाही. आणि कागदावर 'रूम टेंपरेचर' लिहिलेलं असतं ना, ते बनवणाऱ्याच्या एसी खोलीचं. करंजी घाटाच्या अलीकडे-पलीकडे मे महिन्यात रूम टेंपरेचर म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. गरम खोलीत एन्झाइम पळतं, कडेच्या वेल मधल्या वेलच्या आधी तापतात, आणि एकाच नमुन्याचे दोन ठिकाणी दोन आकडे येतात.

रंगाचा आकडा कसा होतो?

हा माझ्या आवडीचा भाग, कारण इथून पुढे सगळं सॉफ्टवेअर आहे.

प्लेट रीडर नावाचं मशीन प्रत्येक वेलमधून ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश सोडतं आणि किती पार गेला ते बघतं. पिवळा रंग निळा प्रकाश गिळतो. मशीन जो आकडा देतं त्याला ओडी म्हणतात आणि तो लॉग स्केलवर असतो. ओडी १ म्हणजे १० टक्के प्रकाश पार गेला, २ म्हणजे १ टक्का, ३ म्हणजे ०.१ टक्का. ३ च्या पुढे मशीन जवळजवळ अंधारात चाचपडत असतं, त्यामुळे तिथला आकडा मी तरी मानत नाही.

पण ओडी म्हणजे लॅम्प-२ नव्हे. मशीनला प्रोटीन दिसतच नाही, फक्त पिवळेपणा दिसतो. डेंग्यूच्या टेस्टमध्ये इतकं पुरतं, कारण तिथे प्रश्न हो की नाही एवढाच असतो: ओडी कटऑफच्या वर की खाली. लॅम्प-२ किटला मात्र 'प्रति मिलिलिटर किती नॅनोग्रॅम' हे सांगायचं असतं. त्यासाठी किटमध्ये स्टँडर्ड दिलेलं असतं, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाचं लॅम्प-२. ते दर वेळी निम्मं पातळ करत न्यायचं: १०, ५, २.५, १.२५ असं खाली शून्यापर्यंत. प्रत्येकाचा ओडी घ्यायचा, त्यातून वक्ररेषा काढायची, आणि आपल्या नमुन्याचा ओडी त्या रेषेवर शोधायचा.

उदाहरण म्हणून मी घेतलेले आकडे बघा. समजा १० ला ओडी १.९३, ५ ला १.३८, २.५ ला ०.८७, १.२५ ला ०.५० आणि शून्याला ०.०६ आला. तुमच्या नमुन्याचा ओडी ०.८७ आहे, म्हणजे उत्तर २.५ हे नुसतं बघूनही कळतं. आता कुणी घाईत पहिला आणि शेवटचा बिंदू पट्टीने जोडून सरळ रेष काढली, तर त्याच ०.८७ चं उत्तर ४.३ येतं. नमुना दहापट पातळ केलेला असेल तर एकाचा रिपोर्ट २५ आणि दुसऱ्याचा ४३. नमुना तोच, प्लेट तीच, मशीन तेच.

हे पॉइंट्स सरळ रेषेत बसत नाहीत कारण तळाच्या अँटिबॉडीच्या जागा मर्यादित असतात. भरत आल्या की रेष वाकते. म्हणून आडव्या झोपलेल्या एस सारखी रेषा बसवतात, तिला फोर पॅरामीटर लॉजिस्टिक म्हणतात: तळ, माथा, मधला बिंदू आणि उतार असे चार आकडे. पायथन येत असेल तर सायपायमधल्या कर्व्ह फिट फंक्शनने दहा-बारा ओळींत होतं. सॉफ्टवेअर खाली 'आर स्क्वेअर ०.९९' दाखवतं आणि लोक खूश होतात. त्याच्यावर जाऊ नका. वरचे मोठे बिंदू नीट बसले की हा आकडा छानच येतो, मग तळाला गोंधळ असला तरी. त्यापेक्षा प्रत्येक स्टँडर्डचा ओडी परत रेषेत टाकून बघा, मूळ प्रमाणाच्या ८० ते १२० टक्क्यांत उत्तर येतं का. नाही आलं तर त्या भागातल्या नमुन्यांचा आकडा देऊ नका. आणि सगळ्यात वरच्या स्टँडर्डच्याही पलीकडे ओडी गेला तर रेष पुढे ताणून अंदाज बांधू नका, नमुना पातळ करून पुन्हा लावा.

'९६ टेस्ट' म्हणजे ९६ पेशंट नाहीत

शून्य धरून आठ स्टँडर्ड, प्रत्येक दोनदा, झाल्या १६ वेल. उरल्या ८०. प्रत्येक नमुनाही दोनदा लावायचा, म्हणजे एका किटमध्ये ४० नमुने. ही चैन झाली. एकाच माणसाचा नमुना असेल तरी १६ वेल स्टँडर्डला जातातच, आणि उघडलेलं किट फार दिवस टिकत नाही. किंमत सहज पाच आकडी. शिवाय किट २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. लाइट गेली म्हणून आइस पॅकला चिकटवून ठेवलं आणि अँटिबॉडी गोठली, तर तेही चालत नाही.

मग डॅननसाठी हे किट का नको?

कल्पना वेडगळ नाही, हे आधी मान्य करू. डॅनन असलेल्या मुलांमध्ये बरेचदा लॅम्प-२ जवळजवळ नसतंच, मग मोजून बघायला काय हरकत? अडचण अशी की काहींच्या जनुकातला बदल असा असतो की प्रोटीन बनतं पण काम करत नाही. किट त्याला 'आहे' म्हणेल. मुलींमध्ये दोन एक्सपैकी एक चांगला असतो, त्यामुळे आकडा मध्येच कुठेतरी येणार. आणि किटच्या अँटिबॉडी बहुतेक तिन्ही प्रकारांत सारख्या असलेल्या भागाला धरत असतील, तर हृदयाला लागणारा बी प्रकारच कमी आहे हे कळायचा मार्गच नाही.

त्यात नमुन्याचा प्रश्न. लॅम्प-२ पेशीच्या आत, पिशवीच्या आवरणात बसलेलं. सीरममध्ये जे मिळतं ते तुटलेले तुकडे किंवा पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पुड्यांवरचं. खरं मोजायचं तर पेशी फोडायला डिटर्जंट लागतो, प्रोटीन कापणारी एन्झाइम्स रोखावी लागतात, आणि आकडा एकूण प्रोटीनच्या मिलिग्रॅममागे द्यावा लागतो, नाहीतर ज्या नळीत पेशी जास्त तिचा आकडा जास्त. डिटर्जंट जास्त झाला तर तो अँटिबॉडीलाच त्रास देतो.

आणि साखर. स्टँडर्डचं लॅम्प-२ जर जिवाणूंमध्ये बनवलेलं असेल तर त्याला साखरेचं ते जंगल नसतं. माणसाच्या पेशीतल्या लॅम्प-२ ला असतं, आणि अँटिबॉडीच्या बसायच्या जागा त्याखाली झाकल्या जाऊ शकतात. म्हणजे आपण मोजपट्टी एका वस्तूवर आखतो आणि मोजतो दुसरी. स्टँडर्ड कुठल्या पेशीत बनवलं हे माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण ती ओळ फारसं कुणी वाचत नाही.

अँटिबॉडी चुकीच्याच प्रोटीनला धरते असंही होतं. कॅनडात टोरोंटोच्या संशोधकांनी कॅन्सरसाठी कझडी-१ नावाच्या प्रोटीनचं बाजारात मिळणारं किट वापरलं. निकाल चांगले दिसत होते. नंतर कळलं की किट कझडी-१ मोजतच नव्हतं, सीए-१२५ हे वेगळंच प्रोटीन मोजत होतं. दोन वर्षं आणि सुमारे पाच लाख डॉलर त्यात गेले. २०१४ मध्ये त्यांनी हे सगळं छापून इतरांना सावध केलं. ही मोठी लॅब होती, तज्ज्ञ लोक होते. संशोधनात असं झालं तर पैसे आणि वेळ जातो. पेशंटच्या बाबतीत झालं तर एक कुटुंब चुकीचा कागद घेऊन डॉक्टरकडे जातं.

याची साधी तपासणी आहे. नमुना दोनपट, चारपट, आठपट पातळ करून लावा आणि उत्तराला तितक्याने गुणा. तिन्ही वेळा जवळपास तोच आकडा आला पाहिजे. येत नसेल तर पिवळा रंग कशामुळे आलाय याची खात्री नाही.

म्हणून अशा बहुतेक किटवर 'फॉर रिसर्च यूज ओन्ली' छापलेलं असतं. ती शोभेची ओळ नाही. भारतात पेशंटच्या निदानासाठी विकायच्या किटला वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू होतात. ते १ जानेवारी २०१८ पासून अमलात आहेत, आणि परवाना केंद्राच्या सीडीएससीओच्या चौकटीत मिळतो. डेंग्यूचं किट आणि हे लॅम्प-२ चं किट दिसायला सारखंच असतं, तीच ९६ वेलची प्लेट, तोच पिवळा रंग. पण संशोधनाच्या किटवरून पेशंटला रिपोर्ट द्यायचा नसतो. नॉर्मल किती, हेच त्या किटला माहीत नसतं.

त्या मुलासाठी रस्ता वेगळा आहे: लॅम्प-२ जनुकाचं सिक्वेन्सिंग, आणि गरज वाटली तर स्नायूच्या तुकड्यावर लॅम्प-२ चं रंगकाम. ते सांगणारा माणूस म्हणजे हृदयरोगतज्ज्ञ आणि जेनेटिक्सचा डॉक्टर. केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक मुंबईत परळचं केईएम हॉस्पिटल आहे. गोशे, पॉम्पे असे इतर लायसोसोमचे आजारही एलायझाने नाही, तर एन्झाइम किती काम करतं ते मोजून आणि मग जनुक तपासून ठरवतात. भावाला मी केईएमचंच नाव कळवलं आणि जुने इको रिपोर्ट, घरातल्या इतरांचा हार्टचा इतिहास सोबत न्यायला सांगितलं. आजार एक्स गुणसूत्राचा असल्याने आईकडच्या नातेवाइकांची माहिती जास्त कामाची.

फोनच्या कॅमेऱ्याने प्लेट वाचता येईल का?

हा प्रश्न येणारच. रीडर महाग, कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात. थोडंफार जमतं, कारण पिवळा रंग वाढला की फोटोतला निळा चॅनेल उतरतो. पण फोन फोटो 'छान' करायला बनवलाय. ऑटो व्हाइट बॅलन्स पिवळेपणा पाहून सगळा फोटो निळसर करतो, ऑटो एक्स्पोजर गडद प्लेट उजळवतो, आणि जेपेगमध्ये आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात राहतच नाहीत. प्रो मोडमध्ये आयएसओ, शटर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करून रॉ फॉरमॅट घेतला, खालून एकसारखा पांढरा प्रकाश दिला आणि स्टँडर्ड व नमुने एकाच फोटोत ठेवले, तर शिकण्यापुरते बरे आकडे मिळतात. ओडी १ च्या पुढे मात्र कॅमेरा लवकर दमतो. निळ्या चॅनेलमध्ये नॉइजशिवाय फार काही उरत नाही.

कॉलेजमध्ये एलायझाचं प्रॅक्टिकल असेल तर फोनचा एक खरा उपयोग सांगतो. ॲसिड घातल्यावर प्लेट लगेच, फार तर पंधरा मिनिटांत वाचायची असते. रीडरला लावण्याआधी प्लेटचा एक फोटो काढा, शेजारी कुठल्या वेलमध्ये काय आहे तो कागद आणि किटचा लॉट नंबर ठेवून. प्लेट उलटी लावली गेली तर आकड्यांवरून ते कळायला वेळ लागतो, फोटोत लगेच दिसतं. आणि दोन लॉटच्या बाटल्या एकमेकांत मिसळल्या असतील तर तेही तिथेच सापडतं.